तपासणी दोघांची

(शिरढोण येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काही जण मान खाली घालतील. काही जण हसतील. हरकत नाही. हसून झालं की ऐका.

लग्नाला दोन वर्षं झाली. मूल होत नाही. मग काय करायचं? आणि त्यात पुरुषाने काय करायचं? हा आजचा विषय आहे.

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. जाणत्या माणसांनी लिहिलेलं वाचायचं, समजून घ्यायचं आणि सोपं करून सांगायचं, हे मास्तरचं काम. तेवढंच मी करणार आहे. औषध मी सांगणार नाही. कुठे जायचं, काय विचारायचं आणि कशाला फसायचं नाही, एवढं सांगेन.

आपलं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी ते इथे जन्मले. इंग्रज सरकारशी लढायला त्यांना केवढी छाती लागली असेल! दवाखान्यात जाऊन "डॉक्टर, माझी तपासणी करा" एवढं म्हणायला तशी छाती लागत नाही. तरी पुष्कळ पुरुषांना तेवढंही धैर्य होत नाही. आणि त्याचा दंड भरते घरातली बाई.

एका घरात काय होतं

समजा, एक जोडपं आहे. नवरा कंटेनर चालवतो. न्हावा-शेवा बंदरावर त्याच्या खेपा असतात. अंगाने धट्टाकट्टा आहे. बायको घर आणि शेत दोन्ही बघते. लग्नाला दीड वर्ष झालं, तशी सासू विचारू लागली, "पाळणा कधी हलायचा?"

मग नवस झाला. उपास झाले. अंगारा झाला. कुणी ताईत बांधला. मग बायकोला पनवेलला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तिचं रक्त तपासलं. सोनोग्राफी झाली. पिशवीत औषध सोडून नळ्यांचा एक्स-रे काढला. त्यात तिला कळा आल्या. ते सगळं तिने सोसलं.

बाईंनी नवऱ्याला बोलावलं. तो गेला नाही. म्हणाला, "मला काय धाड भरलीय?"

तीन वर्षं अशी गेली. डोहाळजेवण असलं की तिला मागे बसवतात. ओटी भरायला तिला पुढे करत नाहीत. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "दुसरी कर."

बंधूंनो, एक बायको जिवंत असताना, घटस्फोट झालेला नसताना दुसरी करणं हा गुन्हा आहे. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्याने तसं लग्न कायदेशीर ठरतच नाही. पण ते बाजूला ठेवा. मी एवढंच विचारतो : या तीन वर्षांत कोणती तपासणी राहून गेली? नवऱ्याच्या वीर्याची. जिच्यात सुई नाही, कापाकापी नाही, दुखणं नाही. सगळ्यांत सोपी तपासणीच झाली नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही काही ना काही कारण असतं. कधी एकट्या पुरुषाचं, कधी दोघांचं. म्हणून एकालाच तपासलं तर निम्मी तपासणी झाली.

आपली भाषाही बघा. बाईसाठी आपण "वांझ" हा शब्द ठेवला. पुरुषासाठी तसा शब्द रोजच्या बोलण्यात नाही. शब्दच नाही, तर दोष कुठून दिसणार? पण आपले पूर्वज एवढे भोळे नव्हते. महाभारतात पंडुराजाची गोष्ट आहे. त्याला शाप होता, त्याच्याकडून मूल होणार नव्हतं. तिथे कुंतीला किंवा माद्रीला कुणी वांझ म्हटलं नाही. अडचण राजाची आहे हे उघडपणे सांगितलं आहे.

बी आणि जमीन

आपण म्हणतो, पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे जमीन. बी उगवलं नाही की जमिनीला नावं ठेवतो.

आता शेतकऱ्यालाच विचारतो. भाताचं बी पेरण्याआधी तुम्ही काय करता? दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवता. त्यात बी टाकता. पोचट बी वर तरंगतं, भरलेलं बी तळाला बसतं. पोचट काढून टाकता आणि मग पेरता. म्हणजे बियाची पारख आपण करतो. मग माणसाच्या बियाची पारख करायला लाज कसली?

शिवाय ही बी-जमिनीची उपमा अर्धीच खरी आहे. बाई नुसती जमीन नाही. तिचंही बी असतं. त्याला स्त्रीबीज म्हणतात. साधारण दर महिन्याला एक स्त्रीबीज तयार होतं. पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू असतात. एक शुक्राणू आणि एक स्त्रीबीज एकत्र आलं की गर्भ धरतो. दोन्ही बियाणी लागतात.

शुक्राणू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हॉलंड देशात लेवेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. त्याला भिंगं घासायचा नाद होता. १६७७ साली त्याने आपल्या भिंगातून हे शेपटीवाले, वळवळणारे जीव पाहिले. म्हणजे साडेतीनशे वर्षं होत आली. आज प्रयोगशाळेत ते मोजता येतात.

ताकद वेगळी, बीज वेगळं

पुरुषांचा एक मोठा गैरसमज आहे. "माझ्या अंगात ताकद आहे, संबंध नीट होतो, मग माझ्यात दोष कसा असेल?"

ज्याला संबंध जमत नाही त्याचा आजार वेगळा. ज्याच्या वीर्यात शुक्राणू कमी आहेत किंवा नाहीत त्याचा आजार वेगळा. दुसऱ्या माणसाला बाहेरून काहीही जाणवत नाही.

याचा पुरावा तुमच्या ओळखीचा आहे. नसबंदी केलेला माणूस बघा. त्याची ताकद जात नाही. संबंध पहिल्यासारखाच होतो. वीर्यही पहिल्याएवढंच दिसतं. फक्त त्यात शुक्राणू नसतात, कारण त्यांची नळी बांधलेली असते. म्हणजे वीर्य दाट की पातळ, पांढरं की पिवळसर, हे बघून काही कळत नाही. भिंगाखालीच कळतं.

कामगार एकमेकांशी बोलले म्हणून

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॅथ्रप नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यात शेतीची औषधं तयार होत. त्यात डीबीसीपी नावाचं औषध होतं. जमिनीत मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी त्याने मरत.

कामगार तरुण होते, धट्टेकट्टे होते. कामाच्या जागी बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं की, बराच काळ आपल्यापैकी फारशा कुणाला मूल झालेलं नाही. एकेकट्याने हे मनात ठेवलं असतं तर प्रत्येकाने आपल्या नशिबाला बोल लावला असता. ते एकमेकांशी बोलले म्हणून प्रश्न दिसला. १९७७ साली त्यांनी वीर्य तपासून घेतलं. पुष्कळांचे शुक्राणू फार कमी निघाले. काहींचे शून्य. औषधाशी संबंध तुटल्यावर काहींचे परत वाढले, काहींचे वाढले नाहीत. १९७९ साली अमेरिकेच्या सरकारने त्या औषधाच्या बहुतेक वापरावर बंदी घातली.

त्या कामगारांच्या बायकांना किती जणांनी बोल लावले असतील, विचार करा. आणि कारण होतं कारखान्यातल्या औषधात.

आपल्या भागातही तळोजाला कारखाने आहेत, रसायनीला आहेत. शेतात फवारणी होते. तुम्ही कशात काम करता, कोणतं औषध हाताळता, भट्टीपाशी उभं राहता का, हे डॉक्टरांना सांगा. फवारताना तोंड आणि हात झाका. काम झालं की आंघोळ करा.

तपासणी कशी होते

लग्नानंतर नेहमीप्रमाणे संबंध असून एक वर्षात दिवस गेले नाहीत, तर दोघांनी जावं. बायकोचं वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच जावं. बाईचं वय वाढलं की स्त्रीबीजं कमी होत जातात. तो काळ परत मिळत नाही.

काही पुरुषांनी वर्षभरही थांबू नये. लहानपणी एखादी गोटी खाली उतरली नव्हती, अंतर्गळाचं किंवा गोटीचं ऑपरेशन झालं होतं, वयात आल्यावर गालगुंड होऊन गोटी सुजली होती, कर्करोगावर उपचार झाले होते, अशांनी लगेच जावं. आणि गोटीत कडक गाठ लागली तर मुलाचा विचार बाजूला ठेवा, दुसऱ्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती गाठ कर्करोगाची असू शकते. वेळेवर उपचार झाला तर तो बहुधा बरा होतो.

तपासणीच्या आधी दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, वीर्य बाहेर काढायचं नाही. प्रयोगशाळेत स्वतंत्र खोली असते. तिथे हाताने वीर्य काढून त्यांनी दिलेल्या स्वच्छ डबीत द्यायचं. तेल, साबण, थुंकी काही लावायचं नाही. साध्या निरोधात धरून आणायचं नाही, त्यावरच्या औषधाने शुक्राणू मरू शकतात. थोडं सांडलं तर तसं सांगायचं. पहिला भाग सांडला तर शुक्राणू कमी दिसतात.

काही जणांना तिथे संकोच वाटतो. मग घरून आणायची परवानगी विचारा. डबी अंगाशी धरून, ऊब राखून, अर्ध्या तासात पोहोचवायची. फार तर एक तास. शिरढोणहून पनवेलच्या वाटेवर गाड्या अडल्या तर घोटाळा होतो. म्हणून तिथेच दिलेलं बरं.

गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का, तेही सांगा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. तापाचा परिणाम तेवढा काळ दिसू शकतो.

कागद कसा वाचायचा

आता तुम्हाला वाचता येतं. म्हणून कागद हातात घ्या आणि आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली जे माप छापलं ते असं :

वीर्य : १.४ मिलीलिटर.
एका मिलीलिटरमधले शुक्राणू : १ कोटी ६० लाख.
सगळे मिळून शुक्राणू : ३ कोटी ९० लाख.
हलणारे शुक्राणू : शंभरात ४२.
घडण नीट असलेले शुक्राणू : शंभरात ४.

हे माप कुठून आलं? ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले, अशा बापांची तपासणी केली. त्या शंभर बापांपैकी पाच जण या आकड्यांच्या खाली होते. तेही बाप झालेच. म्हणून आकडा थोडा कमी आला तर मूल होणारच नाही, असं नाही. आणि आकडा बरोबर आला तर होईलच, अशी हमीही नाही. शेवटच्या आकड्याने लोक फार घाबरतात. "शंभरात चारच चांगले?" हो, चार पुरतात.

एका कागदावर विश्वास टाकू नका. पहिली तपासणी कमी आली तर काही आठवड्यांनी दुसरी करतात. आज आणि महिन्याने आकडे बदलतात. पाहिजे तर भातासारखंच समजा. एका मुठीवरून सगळी कणगी कळत नाही.

कारण काय आणि उपाय काय

कारणं पुष्कळ आहेत. ठळक तेवढी सांगतो.

गोटीभोवतीच्या शिरा फुगतात. त्या डॉक्टरांच्या हाताला लागत असतील आणि तपासणीही कमी आली असेल, तर ऑपरेशनने पुष्कळांना फायदा होतो. क्षयाने किंवा दुसऱ्या आजाराने नळी बंद होते. मधुमेहात वीर्य उलटं मूत्राशयात जाऊ शकतं. काही जणांत जन्मापासूनच कमतरता असते.

काही कारणं आपल्या हातात आहेत. विडी-सिगारेट, तंबाखू, जास्त दारू, फार लठ्ठपणा. गोट्या शरीराच्या बाहेर का लोंबतात? त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. म्हणून सतत भट्टीपुढे काम किंवा रोज कढत पाण्याच्या टाकीत बसणं चांगलं नाही.

तरुणांना एक गोष्ट ठासून सांगतो. तालमीत आणि जिममध्ये अंग भरायला जी इंजेक्शनं विकतात, त्यांत पुरुषाचं संप्रेरक असतं. बाहेरून ते मिळालं की गोट्या आपलं काम बंद करतात. दंड फुगतो आणि शुक्राणू शून्यावर येतात. मूल व्हावं म्हणून "ताकदीचं इंजेक्शन" घेणं म्हणजे विहिरीला पाणी लागावं म्हणून झरा बुजवणं.

आकडा शून्य आला तरी लगेच डोक्याला हात लावू नका. शून्य दोन प्रकारचं असतं. एक, शुक्राणू तयार होतात पण वाट बंद आहे. दुसरं, तयारच होत नाहीत किंवा फार थोडे होतात. रक्ताच्या तपासणीने आणि हाताने तपासून डॉक्टर हे ठरवतात. वाट बंद असेल तर ती उघडता येते, किंवा सुईने गोटीतूनच शुक्राणू काढता येतात. १९९२ साली बेल्जियम देशातल्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू स्त्रीबीजात सोडून मूल जन्माला आणल्याचं जाहीर केलं. ती रीत आज आपल्याकडेही आहे.

शरीराबाहेर गर्भ तयार करण्याचं काम मुंबईत पुष्कळ आधी सुरू झालं. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी अशा रीतीने मुलगी जन्मली. शास्त्रीय नोंदी नीट ठेवलेलं ते देशातलं पहिलं मूल मानतात. डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेने मिळून हे काम केलं. के.ई.एम. हे काही धनिकांचं हॉस्पिटल नाही. ते महापालिकेचं आहे. गोरगरिबांच्या रांगेतून हे शास्त्र आपल्याकडे आलं.

पण सगळ्यांना एवढं लांब जावं लागत नाही. तपासणीत काय निघतं त्यावर ते ठरतं.

कुणाकडे जायचं, कुणाकडे नाही

आधी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दोघांनी जा. तिथले डॉक्टर पुढची वाट दाखवतील. बायकोसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ असतात. पुरुषासाठी मूत्ररोगतज्ज्ञ असतात, त्यांना युरोलॉजिस्ट म्हणतात. पुरुषांच्या वंध्यत्वाचंच काम करणाऱ्याला ॲन्ड्रोलॉजिस्ट म्हणतात. हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. मुंबईत महापालिकेची आणि सरकारची मोठी रुग्णालयं आहेत. पनवेलहून लोकलने कुर्ला, तिथे गाडी बदलून परळ.

खासगी केंद्रात गेलात तर दोन गोष्टी विचारा. "तुमच्या केंद्राची नोंदणी आहे का?" आणि "हा उपचार आम्हाला का, आणि खर्च एकूण किती?" अशा केंद्रांसाठी २०२१ साली कायदा झाला. नोंदणी सक्तीची आहे आणि नवरा-बायकोची लेखी संमती घ्यावी लागते. कागदावर सही करण्याआधी वाचा. त्यासाठीच आपण अक्षरं शिकलो. पुरुषाची साधी तपासणी न करता कुणी थेट लाखांची गोष्ट काढली, तर उठून या.

आता कुणाकडे जायचं नाही ते. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेला, भिंतीवर "गुप्तरोग, हमखास गॅरंटी" लिहिणारा, कागदाच्या पुडीत काळी पूड देणारा. तो सांगतो, "स्वप्नात धातू गेली म्हणून तू खलास झालास." खोटं आहे. तरुणाला तसं होणं स्वाभाविक आहे. शरीर रोज नवे शुक्राणू तयार करत असतं. नपुंसकत्व आणि बाईचं वंध्यत्व बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे.

आणि भगिनींनो, कुणी बाबा-बुवा "माझ्या शक्तीने तुला मूल होईल" म्हणून एकटीला बोलावत असेल तर जाऊ नका. असं सांगून बाईशी संबंध ठेवणं हा आपल्या राज्यात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पोलिसांत जा.

या गोष्टी मराठीत उघडपणे बोलाव्यात म्हणून एका माणसाने आयुष्य घालवलं. ते रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक होते, नोकरी गेली. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनी "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं. त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. त्यांनी एवढं सोसलं. आपल्याला नुसतं डॉक्टरांशी बोलायचं आहे.

शेवटी

कधी कधी सगळे उपचार करूनही मूल होत नाही. तेही खरं. मग कायद्याने दत्तक घेता येतं. किंवा दोघांनी एकमेकांच्या सोबतीने सुखाने राहता येतं. मूल नसलेलं घर हे अपुरं घर नव्हे. दोष ना बायकोचा, ना नवऱ्याचा. आजाराला दोष म्हणत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जगात सहा माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. मग आपल्या वर्गातही असा कुणी असेल. त्याला हसू नका.

फळ्यावर पाच ओळी लिहितो. वहीत उतरवून घ्या आणि घरी मोठ्याने वाचा.

१. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची.
२. पुरुषाची तपासणी सोपी आहे. ती आधी करा.
३. एक कागद पुरेसा नाही. दुसरी तपासणी करा.
४. गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका.
५. डॉक्टरांकडे नवरा-बायकोने बरोबर जावं.

ज्यांना काही विचारायचं असेल त्यांनी आता विचारा. चारचौघांत विचारायचं नसेल तर चिठ्ठी लिहा. नाव लिहू नका. लिहिता तर येतंच आता.